घरमालकाचे हक्क आणि दुरुस्तीचे कर्तव्य

२७ जून २०२२ च्या रात्री मुंबईत कुर्ला पूर्वेच्या नाईक नगरमधील एका निवासी इमारतीचा भाग कोसळला आणि १९ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांमध्ये परप्रांतातून आलेले मजूर मोठ्या संख्येने होते. एकेका खोलीत कित्येकजण मिळून भाड्याने राहणारे. ही इमारत धोकादायक असल्याची नोटीस महापालिकेने काही वर्षांपूर्वीच दिलेली होती. नंतर झालेल्या एका स्ट्रक्चरल ऑडिटने तिला दुरुस्तीयोग्य ठरविले. दुरुस्ती झाली नाही आणि इमारत रिकामीही झाली नाही. भाड्याची वसुली मात्र चालू राहिली. दुर्घटनेनंतर जे होते ते सर्व झाले. मंत्री आले, नुकसानभरपाई जाहीर झाली, पालिका आणि रहिवासी यांनी एकमेकांकडे बोट दाखविले, पोलिसांनी गुन्हा नोंदविला. या सर्व गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्याने दरमहा भाडे घेतले, त्याने त्या पैशाच्या बदल्यात नेमके काय देणे कायद्याने बंधनकारक होते?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात विचित्र आहे. भाडेकरूच्या हातात कोणता कागद आहे यावर ते अवलंबून असते. जुन्या चाळीतील भाडेकरूला घरमालकाकडून दुरुस्ती करवून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण त्या हक्काची किंमत रुपयांत मोजली तर ती जवळजवळ शून्य भरते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस पूर्ण बाजारभावाने भाडे देतो. त्याला हा हक्क दिलेलाच नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी भाड्याच्या दरासाठी पुष्कळ लढे दिले. घराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नेहमी मागच्या पानावर राहिला. त्याचे परिणाम आज दिसत आहेत.

थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो शहरातील कामगार स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि १९१५ साली ब्रिटिश सरकारला भाडी गोठविणारा कायदा करावा लागला. मुंबईत तसा पहिला कायदा १९१८ साली आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. फाळणीनंतरच्या निर्वासितांनी आणि गिरणगावातील बिऱ्हाडांनी गजबजलेल्या त्या शहरात हा कायदा नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती, याविषयी शंका नाही. त्याच कायद्यात घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे कर्तव्यही घरमालकावर टाकले होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, हे कर्तव्य कलम १४ मध्ये कायम ठेवले. घरमालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूंनी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी मुदतीत काम न झाल्यास स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी ही तरतूद आहे. मात्र वर्षाला वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

हा हिशेब करून पाहावा. समजा एखाद्या चाळीत २४ बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचे भाडे दरमहा १०० रुपये आहे. एका बिऱ्हाडाचे वर्षाचे भाडे १,२०० रुपये, त्याचा चतुर्थांश ३०० रुपये, आणि सर्व बिऱ्हाडे एकजुटीने उभी राहिली तरी वर्षाला ७,२०० रुपये. एवढ्या पैशात कुजलेली एक तुळई बदलता येत नाही, संडासाचा नळ उभा करता येत नाही. फार तर जिन्याखाली एक टेकू लागेल. कायद्याने हक्क दिला आणि त्याच कायद्यातील भाड्याच्या आकड्याने तो निकामी केला.

घरमालकांची बाजू येथे प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. १९४० च्या भाड्यात आजच्या गवंड्याची मजुरी भागत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सांगितले की, एके काळी वाजवी असलेली ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्क्यांची वाढ दिली खरी, परंतु मूळ आकडाच इतका खाली होता की चार टक्क्यांनी काही हलले नाही. भाडे गोठले हा भाडेकरूंचा विजय, एवढ्यावर समाधान मानण्यात डाव्या चळवळीची एक पिढी गेली. गोठलेल्या भाड्याबरोबर भिंतीही जुन्या होत जातात, हा त्या विजयाचा दुसरा अर्धा भाग होता.

तरीही घरमालकांचा युक्तिवाद अर्ध्यावर थांबतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने घर ही एकच वस्तू नसून दोन वस्तू आहेत, इमारत आणि तिच्याखालची जमीन. इमारत दरवर्षी झिजते. जमिनीची किंमत दरवर्षी चढते, आणि ती चढविण्यासाठी मालकाला काडीही हलवावी लागत नाही. शहराने रस्ते बांधले, रेल्वे आणली, लोकांनी श्रम केले, म्हणून ती चढते. गिरगाव, डोंगरी किंवा परळ येथील मालकाला भाड्यातून फारसे मिळत नसेल. पण भाडेकरू निघून गेल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीत त्याचा डोळा असतो. अशा मालकाच्या दृष्टीने दुरुस्तीवर खर्च केलेला रुपया वाया जातो, कारण तो भाडेकरूचे आयुष्य आणि पर्यायाने त्याचा ताबा वाढवितो. दुर्लक्ष हाच येथे गुंतवणुकीचा मार्ग ठरतो. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले. त्यापूर्वी, २००० सालच्या एका निकालाच्या आधारे, पडलेली इमारत म्हणजे संपलेले भाडेकरार असे मालकांना म्हणता येत होते. आणि कुर्ल्याच्या त्या इमारतीतील मजूर काही १९४० च्या भाड्याने राहत नव्हते. भाडे गोठले म्हणून घरे पडतात, एवढेच सत्य असते तर ती इमारत उभी राहावयास हवी होती.

मुंबईच्या जुन्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या तेव्हा राज्य सरकारने १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना कायदा केला. त्यानुसार मंडळ स्थापन झाले, इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी असे ठरले. बेट शहरातील १९,६४२ इमारती या योजनेखाली आल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. या मंडळाने हजारो कुटुंबांचे प्राण वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या व्यवहाराचे स्वरूप तपासण्यासारखे आहे. मालकाचे दुरुस्तीचे कर्तव्य सरकारने आपल्या शिरावर घेतले; त्याचा खर्च उपकराच्या रूपाने मुख्यतः भाडेकरूंकडून आणि उरलेला सार्वजनिक तिजोरीतून काढला; आणि मालकी मात्र जिथल्या तिथे ठेवली. कर्तव्यावाचून हक्क, असा हा एक नवा मालक निर्माण झाला. दुरुस्तीच्या खर्चावर कमाल मर्यादा असल्यामुळे मंडळही ठिगळे लावीत राहिले. त्या मूळ इमारतींपैकी तेरा हजारांच्या आसपास इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांपैकी कित्येक लोखंडी व लाकडी टेकूंवर.

१९८६ साली विधिमंडळाने या विसंगतीला हात घातला होता. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालून, उपकरप्राप्त इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची तरतूद झाली. मालकांची संघटना न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयात १९९२ पासून हे प्रकरण चालले आणि त्यातून निघालेला तात्त्विक प्रश्न अखेर नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) कलमातील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ आहे काय? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने उत्तर आले की, काही खाजगी मालमत्ता तशी असू शकेल, परंतु प्रत्येक खाजगी मालमत्ता तशी नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली मांडलेली व्यापक भूमिका त्याबरोबर मागे पडली. समाजवादी वर्तुळात या निकालाचे दुःख झाले आणि ते स्वाभाविक होते. तथापि निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. घर हे मालकाचे खाजगी राहिले म्हणून मालक कर्तव्यांतून मोकळा झाला, असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. संपादनाचा रस्ता अरुंद झाला असेल तर कर्तव्याचा रस्ता रुंद करण्याची निकड वाढते. सरकारी मालकीच्या घोषणेत हा दुसरा रस्ता आपल्याकडून जवळजवळ विसरला गेला होता.

म्हाडा कायद्यात नंतर आलेल्या कलम ७९-अ मध्ये त्या दिशेने एक पाऊल होते. राष्ट्रपतींची संमती त्याला २०२२ मध्ये मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यावा, न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेने द्यावा, तेही न झाल्यास म्हाडाने ताबा घ्यावा, अशी ती योजना. त्याखालील नोटिशांवरून २०२५ साली वाद उच्च न्यायालयात गेला. मालकाला मुदत घालणे हे यातील खरे नवे तत्त्व आहे. पण ती मुदत इमारत मरणपंथाला लागल्यावर सुरू होते.

येथवर जुन्या भाडेकरूंचा विचार झाला. आज पुणे, ठाणे, नाशिक, नवी मुंबई येथे भाड्याने राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक या वर्गातले नाहीत. ते लीव्ह अँड लायसन्सवाले आहेत. या प्रकाराचा उगमही भाडे नियंत्रणातच आहे. कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेकरूला ‘भाडेकरू’ म्हणावयाचे नाही, ‘परवानाधारक’ म्हणावयाचे, अशी युक्ती काढली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक घरात राहत होते त्यांना विधिमंडळाने भाडेकरूचा दर्जा देऊन ती युक्ती एकदा उधळून लावली. पण १९९९ च्या कायद्याने तिलाच राजमान्यता दिली. कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो; राहणारा हटला नाही तर त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करारात जे लिहिले आहे तो निर्णायक पुरावा, असेही कायदा सांगतो. कलम ५५ प्रमाणे कराराची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे घर रिकामे करून घेण्यासाठी आणि मुद्रांक शुल्क गोळा करण्यासाठी कायद्याला हा परवानाधारक नीट दिसतो. दुरुस्तीचे कलम १४ आणि पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास बंदी करणारे कलम २९ ही दोन्ही मात्र ‘भाडेकरू’साठी आहेत. तेथे तो अदृश्य होतो.

वर केलेला हिशेब आता दुसऱ्या टोकाने करावा. दरमहा १५,००० रुपये देणाऱ्या कुटुंबाचे वर्षाचे भाडे १,८०,००० रुपये होते. त्याचा चतुर्थांश ४५,००० रुपये. एवढ्या रकमेत घरातील सगळे जुने वायरिंग बदलता येईल, गळकी गच्ची दुरुस्त होईल, सज्जाची उघडी पडलेली सळई झाकता येईल. भाड्यातून खर्च वळता करण्याचा हक्क जेथे खरोखर उपयोगी पडला असता, नेमका तेथेच कायद्याने तो नाकारला. जेथे दिला तेथे तो कवडीमोल. ही निव्वळ अनवधानाने झालेली चूक मानावयाची असेल तर ती पंचवीस वर्षे टिकली कशी, याचेही उत्तर शोधावे लागेल.

परवानाधारकाला अगदीच काही नाही असे नाही. आश्चर्य असे की जे थोडे आहे ते १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. त्याच्या कलम ५७ नुसार, परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचेल असा जो दोष जागेत आहे आणि जो मालकाला ठाऊक आहे पण परवानाधारकाला नाही, तो सांगणे मालकाला बंधनकारक आहे. कलम ५८ प्रमाणे जागा धोकादायक होईल असे कृत्य मालकाने करावयाचे नाही. परकी सत्तेने केलेल्या या कायद्यात जे कर्तव्य लिहिले आहे, त्याची आठवण नोंदणी कार्यालयातील एकाही छापील करारात सहसा आढळत नाही. त्या करारांत आढळते ते असे. रंगरंगोटी परवानाधारकाने करावी, भिंतीला खिळा ठोकू नये, मोडतोड अनामतीतून वळती केली जाईल. खिळ्याची काळजी घेणारा करार भिंतीविषयी गप्प असतो.

महापालिकांच्या कायद्यांतही जबाबदारीची भाषा सैल आहे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे भाग आहे. कोणी करावी? ‘मालकाने किंवा भोगवटादाराने.’ २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यातही अग्निसुरक्षेची जबाबदारी ‘मालक किंवा भोगवटादार’ यांचीच. या एका ‘किंवा’ने किती माणसे मारली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मालक म्हणतो, राहतात ते बघतील. राहणारा म्हणतो, घर माझे नाही. त्यातून मध्ये मुकादम किंवा ठेकेदार असला की तिसरा ‘किंवा’ उभा राहतो. डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग १६ जुलै २०१९ रोजी पडून १३ जणांचा बळी गेला, तेव्हा पडलेला भाग अनधिकृत होता, उपकरप्राप्त इमारतीचा नव्हता, अशी भूमिका म्हाडाने घेतली. माणसे ज्या भागात मेली तो भाग कोणत्या नोंदवहीत बसतो, यावर वाद! मृत्यूनंतर फौजदारी कायदा जागा होतो. निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत होण्यासाठी पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. शिक्षा वाढली ते ठीक. पण या कलमाला प्रेत लागते.

रोजच्या व्यवहारातील एक तुलना करण्यासारखी आहे. भाड्याने चालणाऱ्या रिक्षाला ठराविक मुदतीने आरटीओकडून तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, टायर तपासले जातात, आणि ते योग्यच आहे; पैसे घेऊन माणसे बसवावयाची तर वाहन सुरक्षित हवे. त्या रिक्षाचा चालक रात्री ज्या खोलीत झोपतो ती खोलीही कोणीतरी पैसे घेऊन दिलेली असते. तिच्या वायरिंगला, तिच्या स्लॅबला, खिडकी नसलेल्या तिच्या मोरीत बसविलेल्या गॅस गिझरला कोणताही दाखला लागत नाही. अशा बंद मोरीत विषारी वायूने माणसे गुदमरल्याच्या बातम्या हिवाळ्यात अधूनमधून येतात आणि दोष प्रत्येक वेळी गिझरला दिला जातो. शासन मात्र एका बाबतीत घरमालकाकडून अत्यंत दक्षतेची अपेक्षा करते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, न कळविल्यास गुन्हा, असे आदेश मुंबईचे पोलीस आयुक्त वेळोवेळी काढीत असतात. भाडेकरूपासून शहराला धोका आहे काय, हे शासनाला कळावयास हवे. घरापासून भाडेकरूला धोका आहे काय, हे कळण्याची तशी घाई नाही.

दुसरीकडे हे कसे चालते हे पाहण्यासाठी इंग्लंडचे उदाहरण पुरेसे आहे, कारण आपले भाडेविषयक कायदे तेथूनच आले. कूळ न म्हणता परवानाधारक म्हणावयाचे, ही युक्ती तेथील मालकांनीही वापरली होती. १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड या खटल्यात ती मोडीत काढली. मोबदला घेऊन जागेचा स्वतंत्र ताबा ठराविक मुदतीसाठी दिला असेल तर कागदावर काहीही लिहिले तरी ते कूळ, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ सालीच, असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणात, नावापेक्षा व्यवहाराचे सार पाहावे असे सांगितले होते. ते सार पाहण्याचा दरवाजा कलम २४ ने लावून टाकला. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातील गॅसच्या उपकरणांची दरवर्षी आणि विजेच्या जोडणीची दर पाच वर्षांनी तपासणी करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. तेथील घरमालक त्यामुळे देशोधडीला लागले नाहीत. तेथेही भाडी भरमसाट आहेत आणि गरिबांचे हाल आहेत, हे विसरण्याचे कारण नाही. एवढेच की भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही घर भाड्याने देणे हा जबाबदारीचा धंदा मानला जातो.

अशा मागणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सर्वच घरमालक धनदांडगे नसतात. निवृत्त कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली एक खोली हेच त्याचे निवृत्तिवेतन असते. त्याच्यावर आणखी ओझे कशाला? हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. एका खोलीचा मालक आणि चाळींच्या रांगेचा मालक यांच्यात कराचा दर, मुदत, कर्जसाहाय्य याबाबतीत फरक करता येईल आणि करावा. उघड्या वायरचा धक्का मात्र मालकाची ऐपत पाहून बसत नाही. दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला आहे. जबाबदाऱ्या वाढविल्या तर लोक घरे भाड्याने देणार नाहीत, पुरवठा आटेल, असे त्यात म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, आणि त्या वेळी नागरी कुटुंबांपैकी २७ टक्क्यांहून थोडी अधिक भाड्याने राहत होती. महाराष्ट्रात तर ताबा मिळविण्याची सोय १९९९ च्या कायद्याने केलीच होती. मालकाला हवी ती हमी मिळाली आणि तरीही कुलपे तशीच राहिली. पुरवठ्याचा आणि तपासणीच्या खर्चाचा संबंध जितका सांगितला जातो तितका घट्ट नाही.

येथे आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे, कारण एरवी ती सामाजिक भेदभावाच्या सदरात टाकून बाजूला ठेवली जाते. मुसलमानांना, दलितांना, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना, मांसाहार करणाऱ्यांना चांगल्या वस्तीत घर नाकारले जाते. ज्यांना धडधाकट इमारतीत प्रवेश नाही ते शेवटी अशा इमारतीत जातात जेथे कोणी प्रश्न विचारीत नाही, आणि जेथे विचारणे त्यांनाही परवडत नाही. जात, धर्म आणि लिंग यांच्या भेदाचा हिशेब म्हणूनच अखेर ढिगाऱ्याखाली होतो. भाडेकरूच्या तक्रारीचा सूड म्हणून करार पुढे न वाढविणे हे तर नित्याचे आहे. अकरा महिन्यांची तलवार डोक्यावर असताना गळक्या छताविषयी पत्र कोण लिहील?

केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी एक आदर्श भाडे कायदा प्रसृत केला. भाडी मोकळी सोडण्याकडे त्याचा कल असल्याने डाव्या पक्षांनी त्याला विरोध केला, आणि जुन्या भाडेकरूंच्या दृष्टीने तो विरोध बरोबर होता. परंतु त्यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, ही एक. दुसरी, दुरुस्तीची वाटणी परिशिष्टात नावानिशी केली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, नळजोडण्या आणि विजेचे वायरिंग ही कामे मालकाकडे. नळाचा वॉशर, बटणे, मोरी साफ करणे ही राहणाऱ्याकडे. ‘किंवा’ला तेथे जागा ठेवलेली नाही. विरोधकाच्या कायद्यातील चांगले कलम उचलण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात मागावयाच्या सुधारणा फार मोठ्या नाहीत. कलम १४ आणि २९ मध्ये भाडेकरूबरोबर परवानाधारकाचा समावेश करणे हे एका ओळीच्या दुरुस्तीचे काम आहे. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते. त्याच वेळी विजेच्या जोडणीचा तपासणी दाखला आणि तीस वर्षांवरील इमारतीचा संरचनात्मक दाखला जोडल्यावाचून नोंदणी पूर्ण होऊ नये, असे करण्यास नवे खाते उघडावे लागत नाही. इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस निघताच भाडे मालकाकडे न जाता महापालिकेच्या खात्यात जमा व्हावे आणि ते दुरुस्तीवरच खर्च व्हावे, ही मागणी जास्त कटकटीची आहे, पण तिच्यावाचून मालकाला घाई होणार नाही. तक्रार केल्यापासून सहा महिन्यांत करार संपविता येऊ नये, हेही जोडले पाहिजे.

विधिमंडळाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. गोरेगावात मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यापासून घरापर्यंतचे प्रश्न वस्तीच्या पातळीवर हाती घेतले, ते कायदा अनुकूल होण्याची वाट न पाहता. आजचा अकरा महिन्यांचा रहिवासी त्या वॉर्डाचा मतदार बहुधा नसतो, म्हणून कोणताही पक्ष त्याच्या दारी जात नाही. समाजवादी पक्षाच्या शाखेने आधी जावे. प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील तीस वर्षांवरील इमारतींची यादी करावी, कोणत्या इमारतीचा दाखला आहे आणि कोणत्या इमारतीचा नाही हे माहितीच्या अधिकाराखाली पालिकेकडून मागवावे. जेथे नोटीस लागली आहे तेथे घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाचे नाव आणि खोलीचे क्षेत्रफळ पालिकेच्या अधिकाऱ्याच्या सहीनिशी नोंदवून घ्यावे, कारण इमारत पाडल्यावर ते सिद्ध करणे दुरापास्त होते. चाळींतील भाडेकरूंनी कलम १४ ची नोटीस एकेकट्याने न देता एकत्र द्यावी आणि ती नोंदणी टपालाने पाठवावी. नव्या करारावर सही करणाऱ्यांसाठी शाखेने मराठी आणि हिंदीत एक पानाचा मसुदा छापून ठेवावा. त्यात सुविधाधिकार कायद्याचे कलम ५७ उद्धृत केलेले असावे आणि त्याखाली मालकाच्या सहीसाठी रिकामी ओळ. जागेतील कोणते धोके मला माहीत आहेत, हे त्या ओळीवर मालकाने लिहावयाचे आहे. जो लिहावयास तयार नसेल त्याच्या इमारतीचे नाव यादीत सर्वांत वर घालावे आणि तिच्या तपासणीचा अर्ज त्याच आठवड्यात पालिकेच्या विभाग कार्यालयात द्यावा.